गॅलाड्रिएल दोनदा हसते

जे. आर. आर. टोल्किनच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये गॅलाड्रिएलच्या आरशाचं एक प्रकरण आहे. त्यात ती दोनदा हसते. दोन हसण्यांच्या मधे जेमतेम पानभर मजकूर असेल. त्या पानात ती साऱ्या जगाची सम्राज्ञी होता होता राहते, त्यामुळे वाचकाच्या लक्षात राहतं ते मधलंच सगळं: तिच्या अंगठीतून फाकलेला उजेड, वाढत गेलेली तिची उंची, पाहणाऱ्याला धाक बसावा असं तिचं रूप. पीटर जॅक्सनच्या २००१ च्या चित्रपटाने नेमकं तेवढंच उचललं आणि विचित्र प्रकाशात, बदललेल्या आवाजात पडद्यावर आणलं. मला मात्र पुस्तकातलं ते हसणं सोडवत नाही. एल्फांचं शहाणपण, त्यांचा गर्व आणि त्यांचं बळ यांविषयी टोल्किनला जे म्हणायचं होतं ते त्या दोन हसण्यांत जितकं उतरलंय तितकं त्याच्या मोठमोठ्या रणवर्णनांतही उतरलेलं नाही.

टोल्किनचे एल्फ म्हणजे फुलांवर बसणारी पंखवाली इवलीशी माणसं नव्हेत, हे अलीकडच्या वाचकाला सांगायला नको. उंच, देखणे, हुशार आणि मरण नसलेले असे ते आहेत. तलवारीने ते मरतात, दुःखाने झिजूनही मरतात. पण म्हातारपण आणि रोगराई त्यांना नेत नाही, आणि जग आहे तोवर त्यांची जगातून सुटका नाही. अमरत्व हे वरदानच असतं असं नाही, हे अश्वत्थाम्याची गोष्ट ऐकत वाढलेल्यांना वेगळं समजावावं लागत नाही. हजारो वर्षं जगायचं म्हणजे हजारो वर्षांच्या चुका सोबत वागवायच्या. गॅलाड्रिएल पहिल्यांदा समोर येते तेव्हा ती काय काय वागवते आहे याची आपल्याला कल्पना नसते. केस सोनेरी, आवाज खोल, आणि डोळ्यांत ताऱ्यांचा उजेड पडलेल्या विहिरीसारखं काहीतरी, एवढंच दिसतं.

शत्रूची, सॉरॉनची, अंगठी नष्ट करायला निघालेले फ्रोडो, सॅम आणि त्यांचे सोबती प्रवासी तिच्या लोथलोरिएनच्या जंगलात पोचतात ते मोरियाच्या खाणीत जादूगार गॅन्डाल्फला गमावून. तिचा नवरा केलेबॉर्न शहाणा म्हणून प्रसिद्ध. पण मोरियात काय झालं ते कळताच हा शहाणा माणूस भडकतो. खाणीत निजलेलं संकट ड्वार्फांनी जागं केलं, तेव्हा ड्वार्फ असलेल्या गिम्लीला आपण आत घेतलंच नसतं, असं बोलून जातो. गॅन्डाल्फही शेवटी मूर्खपणा करून बसला की काय, इथपर्यंत त्याची मजल जाते. एल्फ आणि ड्वार्फ यांचं वैर जुनं, त्यात ही बातमी. गॅलाड्रिएल त्याला तिथेच आवरते, आणि तिचा मुद्दा पाहण्यासारखा आहे. ती न्यायाच्या गोष्टी करत नाही. आपल्या लोकांना लोथलोरिएनमधून हाकललं असतं आणि पुष्कळ वर्षांनी त्याच्या जवळून जायची वेळ आली असती, तर तिथे ड्रॅगन राहायला आले असले तरी वळून पाहिल्याशिवाय कोण राहिला असता, असं ती विचारते. मग ड्वार्फांच्या हरवलेल्या राज्यातली तीन ठिकाणं ती त्यांच्याच भाषेतल्या नावांनी उच्चारते. गिम्ली मान वर करतो. शत्रूच्या घरात त्याला अचानक कुणीतरी आपलं भेटतं.

पहिल्या वाचनात हा प्रसंग चांगुलपणाचा वाटतो. गॅलाड्रिएलचा पूर्वेतिहास कळल्यावर तो पुन्हा वाचावा. घरातून हाकललं जाणं म्हणजे काय हे ती ऐकीव बोलत नाहीये. पश्चिमेला समुद्रापलीकडे वालिनोर नावाची देवभूमी आहे. तिथून ती निघाली, आणि परतीची वाट तिच्यासाठी बंद झाली. गिम्लीबद्दल बोलताना ती स्वतःबद्दल बोलते आहे. टोल्किन मात्र तिथे याचा सुगावाही लागू देत नाही.

त्याच भेटीत ती प्रत्येकाकडे आळीपाळीने रोखून पाहते. ज्याला त्याला वाटतं, समोर दोन वाटा ठेवल्यात: एकीकडे पुढचा काळोख, दुसरीकडे मनातली अगदी हवीशी गोष्ट. सॅमला दिसते घराकडची छोटी बाग. तो लाजून लाल होतो. बोरोमिरला तिची नजर झेपत नाही, आणि आपल्याला काय दिसलं ते तो सांगत नाही. पाहुण्यांची अशी परीक्षा घेण्यात एक अधिकार आहे, आणि खरं सांगायचं तर उद्दामपणाही आहे. तुझ्या मनात काय आहे ते मी पाहणार, माझ्या मनातलं तुला दिसणार नाही. गॅलाड्रिएलचा गर्व पुस्तकात प्रथम जाणवतो तो इथे, आणि टोल्किन त्याची बाजू घेत नाही. बाजू घेतली असती तर पुढचं पहिलं हसणं आलंच नसतं.

तो प्रसंग काही संध्याकाळींनंतरचा. ती सॅमला आणि फ्रोडोला एका खोलगट बागेत नेते. तिथे चांदीचं एक उथळ पात्र आहे. ती त्यात झऱ्याचं पाणी ओतते आणि पाण्यावर फुंकर घालते. सॅमला एल्फांची जादू पाहायची हौस. ती गमतीने म्हणते, की तुम्ही लोक जादू कशाला म्हणता ते मला धड कळत नाही. शत्रूच्या कपटालाही तुम्ही तेच नाव देता. पाण्यात सॅमला गावात चाललेली झाडतोड दिसते, फ्रोडोला शत्रूचा डोळा. मग ती हात उचलते, आणि सांजताऱ्याचा उजेड पडून तिच्या बोटातली अंगठी चमकते. एल्फांच्या तीन अंगठ्यांपैकी ही एक, नेन्या. इतके दिवस राखलेलं गुपित असं फ्रोडोपुढे उघडं पडतं. आणि ती त्याला अडचण उलगडून सांगते: तू हरलास तर आम्ही शत्रूपुढे उघडे पडू, तू जिंकलास तर आमच्या अंगठ्यांचं बळ संपेल आणि लोरिएन विरून जाईल.

यावर फ्रोडो आपली अंगठी तिला देऊ करतो. मोठी अंगठी, सॉरॉनची, जिच्यापायी सगळं जग पेटलंय ती. मागायची गरज नाही, घे.

आणि ती खळखळून हसते. हे पहिलं हसणं. परीक्षा घेणारीची परीक्षा झालेली असते, आणि ते तिच्या लगेच लक्षात येतं. पहिल्या भेटीत मी तुझं मन तपासलं, त्याची तू फार नाजूकपणे परतफेड केलीस, असं ती त्याला सांगते. मला हा पुस्तकातला सर्वांत शहाणा क्षण वाटतो, आणि त्यात मोहाला नकार अजून आलेलाही नाही. आपण पकडले गेलो हे कळणं आणि त्याचं हसू येणं, एवढंच. अधिकाराच्या जागी बसलेल्या माणसाला हे किती अवघड जातं ते आपण रोज पाहतो. साहेबाने घेतलेल्या परीक्षेत साहेबच सापडला तर ऑफिसात हशा पिकतो; साहेब त्यात सामील होत नाही.

त्यानंतर मोह येतो, आणि तो खरा आहे. ही अंगठी हाती आली तर काय करायचं याचा विचार आपण फार वर्षं करत आलो आहोत, हे ती लपवत नाही. मग ती मोठ्याने कल्पना करू लागते: काळ्या राजाच्या जागी राणी येईल. ती काळी नसेल. सुंदर असेल आणि भयंकर असेल. इथे टोल्किन ज्या उपमा वापरतो त्या एकामागून एक वाचाव्यात. पहाट आणि रात्र, समुद्र, सूर्य, डोंगरावरचं बर्फ, वादळ, वीज, पृथ्वीच्या पोटातला पाया. सगळ्या निसर्गातल्या, सगळ्या देखण्या, आणि एकाही गोष्टीशी वाद घालता येत नाही. समुद्राला कोण जाब विचारणार? सत्तेची भूक स्वतःशी बोलते तेव्हा अशीच बोलते. मी क्रूर होईन असं ती कधी म्हणत नाही, मी अटळ होईन असं म्हणते. शेवटी ती सांगते की सगळे माझ्यावर प्रेम करतील, आणि त्याच दमात, की सगळे हताश होतील. प्रेम आणि हताशा एका वाक्यात शेजारी बसवलीत. ज्या प्रेमाला नकाराची मुभा नाही त्याचं काय होतं ते टोल्किनने तेवढ्यात सांगून टाकलंय.

मग ती हात खाली घेते. उजेड मावळतो. ती पुन्हा हसते, आणि समोर पांढऱ्या साध्या कपड्यांतली एक सडपातळ एल्फ बाई उभी असते, आवाज मऊ आणि उदास. परीक्षेत आपण उतरलो, आता आपण लहान होऊ, पश्चिमेला निघून जाऊ आणि गॅलाड्रिएलच राहू, अशा अर्थाचं ती बोलते. दुसरं हसणं पहिल्यासारखं खळाळणारं आहे की नाही हे टोल्किन सांगत नाही. एका क्रियापदावर भागवतो. हे हसणं कोणाला उद्देशून आहे? फ्रोडोला नक्कीच नाही. युगानुयुगं मनाच्या कोपऱ्यात जपलेली आपली इच्छा अशी समोर उभी राहिली आणि दोन क्षणांत एवढीशी झाली, हे पाहून तिला आलेलं हे हसू आहे, असं मी वाचतो.

एल्फांच्या इतिहासात आणखी एकजण असा ऐन क्षणी हसतो. त्याचं नाव फेआनोर. त्याची गोष्ट 'द सिल्मारिलिअन'मध्ये आहे. टोल्किन १९७३ मध्ये वारला, आणि त्याचा मुलगा ख्रिस्तोफर याने ते पुस्तक संपादून १९७७ मध्ये छापलं. फेआनोर हा एल्फांमधला सर्वांत मोठा कारागीर. पुढे एल्फांनी वापरलेली लिपी त्याच्या हातची. वालिनोरला उजेड देणाऱ्या दोन झाडांचा प्रकाश त्याने तीन रत्नांत कोंडला, तीच सिल्मारिल. सॉरॉनचा धनी मॉर्गॉथ याने झाडं मारली तेव्हा त्यांना पुन्हा जिवंत करायला यावान्ना देवीने त्याच्याकडे रत्नं मागितली. ती फोडावी लागणार होती. अशी गोष्ट माझ्या हातून पुन्हा घडायची नाही, ती फुटली तर माझं काळीजही फुटेल, असं सांगून फेआनोर नाही म्हणाला.

इथे टोल्किनने मारलेली मेख कमालीची आहे. फेआनोर नाही म्हणाला त्या वेळी रत्नं त्याच्याकडे नव्हतीच. मॉर्गॉथने त्याच्या बापाचा खून करून ती आधीच पळवली होती, बातमी पोचायची होती. हो म्हणाला असता तरी झाडं वाचली नसती. मग त्याच्या हो-नाहीने काय फरक पडला? निवेदक म्हणतो, पडला. तो हो म्हणाला असता तर त्याची पुढची कृत्यं कदाचित वेगळी झाली असती. तेवढं बोलून तो पुढे सरकतो. ज्या नकाराने बाहेरच्या जगात काहीच बदललं नाही त्याने नाही म्हणणारा बदलला. रत्नं परत मिळवायची भयंकर शपथ फेआनोर आणि त्याचे सात मुलगे घेतात, जहाजांसाठी आल्क्वालोन्देच्या बंदरावर आपल्याच जातभाईंचे मुडदे पाडतात, आणि समुद्र ओलांडून लोसगारला उतरतात. आता मागे राहिलेल्यांना आणायला जहाजं परत पाठवायची ना, असं थोरला मुलगा विचारतो. तेव्हा फेआनोर झपाटल्यासारखा हसतो, आणि जहाजं पेटवून देतो.

मागे राहिलेल्यांत गॅलाड्रिएल होती. समुद्रापलीकडे लाल झालेलं आभाळ पाहून त्या लोकांना आपल्याशी दगा झाल्याचं कळलं, आणि ते उत्तरेच्या हेल्काराक्सेवरून, कडाडणाऱ्या बर्फावरून, पुष्कळ माणसं गमावत चालत गेले. एका हसण्याची किंमत तिने अशी मोजलेली आहे. आरशाच्या प्रकरणातला सांजतारा आठवा: तो तारा म्हणजे आभाळात पोचलेलं एक सिल्मारिल. तिच्या बोटातली नेन्या घडवली केलेब्रिम्बोरने, फेआनोरच्या नातवाने. फ्रोडो अंगठी पुढे करतो तेव्हा फेआनोरचं सगळं घराणं त्या बागेत हजर आहे आणि फ्रोडोला त्याचा पत्ता नाही.

म्हणून फेआनोर गर्विष्ठ आणि गॅलाड्रिएल नम्र अशी सोपी वाटणी करण्यात अर्थ नाही. ती त्याच मातीची आहे. 'सिल्मारिलिअन'मध्ये फेआनोरने बंड पुकारलं त्या रात्री भांडणाऱ्या राजपुत्रांत ताठ उभी राहिलेली ती एकटी बाई. तिने शपथ घेतली नाही, पण फेआनोरच्या भाषणातली एक गोष्ट तिच्या मनात पेटली: समुद्रापलीकडचे विस्तीर्ण, मोकळे मुलूख, आणि तिथे स्वतःच्या मर्जीने चालवायचं स्वतःचं राज्य. हजारो वर्षांनी एक बुटका पाहुणा त्या इच्छेचं उत्तर हातावर घेऊन उभा राहतो, तेही फुकट. फेआनोर म्हणाला, देणार नाही. ती म्हणते, घेणार नाही. दोघांच्या नकारात ताठा सारखाच आहे; ती विरघळून जात नाही, मी मीच राहीन असं ठणकावून सांगते. राणी होण्यासाठी तिला गॅलाड्रिएलपण सोडावं लागलं असतं, आणि ते सोडायला ती तयार नाही. हा गर्वच आहे, वयात आलेला.

टोल्किनला गर्वाचा तिटकारा नव्हता, हे एल्फांच्या युद्धकथा वाचताना जाणवतं. या कथांतली 'गोंडोलिनचा पाडाव' ही सुरुवातीची कथा त्याने लिहायला घेतली तेव्हा तो नुकताच सोमच्या आघाडीवरून ताप घेऊन परतलेला तरुण अधिकारी होता, आणि त्याचे दोन जिवलग मित्र १९१६ च्या त्या वर्षात मारले गेले होते. शौर्याचं कोरडं गुणगान त्याच्या हातून होणं शक्य नव्हतं. फेआनोरचा सावत्र भाऊ फिंगोल्फिन सगळं हरलं असं वाटल्यावर एकटा घोड्यावर बसून मॉर्गॉथच्या दाराशी जातो आणि त्याला भ्याड म्हणून हाका मारतो. सात जखमा करतो, पडता पडता पायावर घाव घालतो, आणि चिरडला जातो. मॉर्गॉथ त्यानंतर कायमचा लंगडतो. हे शहाणपण आहे का? मुळीच नाही; राजाने असं करू नये. पण टोल्किनने तो प्रसंग ज्या मायेने लिहिलाय ती लपत नाही. आणि तरी त्याने ते बळ सगळ्यांत वरच्या पायरीवर ठेवलं नाही.

गॅलाड्रिएलच्या अंगातही बळ आहे. 'अनफिनिश्ड टेल्स'मध्ये (१९८०) तिच्या आईने तिला दिलेलं नाव येतं, नेर्वेन. पुरुषासारखी मुलगी असा त्याचा अर्थ. तरुणपणी ती खेळांत आणि विद्येत भल्याभल्यांच्या तोडीस तोड होती. २०२२ मध्ये 'द रिंग्ज ऑफ पॉवर' या मालिकेत ती हातात तलवार घेऊन दिसली तेव्हा पुष्कळ चाहते चिडले. नुसती ताकद पाहून चिडण्याचं कारण नव्हतं, ती मूळ मजकुरात आहे. माझी तक्रार वेगळी: टोल्किन तिच्या बळाचा वापर इतक्या काटकसरीने करतो की पडद्याला ते परवडणारं नाही. मुख्य कथेत ती एकदाही लढत नाही. शेवटच्या खंडाच्या परिशिष्टात, तारखांच्या कोरड्या यादीत कळतं, की लोरिएनवर तीन हल्ले झाले, आणि मग तिने डोल गुल्दुर या शत्रूच्या गढीच्या भिंती पाडून टाकल्या आणि खालची तळघरं उघडी केली. एखाद्या लेखकाने यावर दोन प्रकरणं लिहिली असती. टोल्किनने एक वाक्य लिहिलं.

तिच्या शहाणपणातही एक खोट आहे, आणि ती तिला ठाऊक आहे. हा मला या व्यक्तिरेखेतला सर्वांत सुंदर भाग वाटतो. एल्फांच्या तीन अंगठ्या युद्धासाठी नाहीत. राखण्यासाठी आहेत, झीज थांबवण्यासाठी. लोरिएनमध्ये काळ वेगळा चालतो. बाहेर पडल्यावर सॅम चंद्राकडे पाहून दिवस मोजू लागतो आणि त्याचा हिशेब लागत नाही. वाचकही त्या सोनेरी जंगलाच्या प्रेमात पडतो. पण १९५१ च्या सुमारास मिल्टन वॉल्डमन या प्रकाशकाला लिहिलेल्या लांबलचक पत्रात टोल्किनने एल्फांचा हा दोष स्वच्छ मांडला आहे: त्यांना या नाशवंत जगात राहायचंही होतं आणि नाश नकोही होता, म्हणून ते जणू जगाला मसाला भरून जतन करू पाहत होते. फेआनोरने प्रकाश रत्नात कोंडला, गॅलाड्रिएलने काळ जंगलात कोंडला. दोष एकाच जातीचा, आणि तो इतका मोहक की दोष वाटतच नाही. अंगठी नाकारताना ती जगावरचं राज्य नाकारते हे सगळे पाहतात. त्याच क्षणी ती आपल्या हाताने आपलं लोरिएनही संपवते, कारण मोठी अंगठी नष्ट झाली की तिन्ही अंगठ्या निष्प्राण होणार. यावान्नाने मागितलेली रत्नं न फोडणाऱ्याच्या पुतणीने आपलं रत्न फोडायला होकार दिला, असं म्हणायला हरकत नाही.

आता केसांची गोष्ट. प्रवासी निघतात तेव्हा ती प्रत्येकाला भेट देते. गिम्लीला काय द्यावं हे सुचेना, म्हणून ती त्यालाच विचारते. तो चाचरतो, आणि शेवटी तिच्या सोन्यासारख्या केसांतला एक केस मागतो. आजूबाजूचे एल्फ चकित होतात. ती तीन देते. ड्वार्फाच्या अदबीचा हा गोड प्रसंग म्हणून १९५४ चा वाचक पुढे गेला असेल. पुढे टोल्किनने लिहून ठेवलं, की वालिनोरमध्ये फेआनोरने तिच्याकडे तीनदा केसांची बट मागितली होती, आणि तिने एक केसही दिला नाही. तिच्या केसांत दोन्ही झाडांचा उजेड अडकल्यासारखा दिसे, आणि सिल्मारिल घडवायची कल्पना फेआनोरला त्यावरूनच सुचली असावी, असंही एल्फ म्हणत. तीन मागण्या, तीन केस. जगातल्या सर्वांत थोर कारागिराला जे नाकारलं ते तिने एका ड्वार्फाला मागितल्याच्या तिप्पट दिलं. फेआनोरला ती वस्तू हवी होती. गिम्लीला आठवण हवी होती, आणि तेवढंही मागण्याचा आपल्याला हक्क नाही असं त्याला वाटत होतं.

यातली गंमत अशी, की मूळ प्रसंग लिहिताना टोल्किनला फेआनोरच्या मागणीचा पत्ताच नव्हता. गॅलाड्रिएल ही त्याच्या जुन्या पुराणकथांत नव्हतीच. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला लोरिएनची प्रकरणं लिहिताना ती कथेत आली, आणि मग तिला मागच्या युगांत जागा करून द्यावी लागली. बंड, बर्फावरची वाटचाल, केस, हे सगळं नंतर आलं. आरशाच्या बागेतल्या त्या दोन हसण्यांना पुरेल एवढा भूतकाळ तो पुढची तीस वर्षं खणत राहिला.

खणता खणता शेवटी त्याने, माझ्या मते, बिघडवलंही. १९६७ मध्ये त्याने छापील टिपणात म्हटलं होतं, की ती बंडातली एक प्रमुख होती, परतायची बंदी तिच्यावर होती, आणि अंगठी नाकारल्यामुळे ती उठली. १९७१ च्या एका पत्रात, तिच्यावर मेरीमातेची छाया आहे हे मान्य करून, ती प्रायश्चित्त घेणारी आहे हेही त्याने आवर्जून लिहिलं. मग १९७३ च्या ऑगस्टमध्ये, मृत्यूच्या महिनाभर आधी, त्याचं मन बदललं. गॅलाड्रिएल निष्कलंक होती. फेआनोरच्या बंडाशी तिचा संबंध नव्हता, ती आपली वेगळीच निघाली होती. म्हाताऱ्या लेखकाला आपल्या लाडक्या व्यक्तिरेखेवर डाग नको वाटला असेल, हे समजू शकतं. पण डाग नसेल तर त्या बागेत पणाला काय लागलं? निष्कलंक देवीने मोह टाळला, यात विशेष ते काय! जिने एकदा राज्य हवं म्हणून घर सोडलं तिने ते टाळलं, हे ऐकण्यासारखं आहे. या एका बाबतीत मी टोल्किनचं ऐकत नाही, आणि सुदैवाने ऐकावं लागत नाही, कारण छापलेल्या आरशाच्या प्रकरणाला त्याने हात लावला नाही.

त्या प्रकरणाचा शेवट पुष्कळांच्या वाचनातून निसटतो. दुसरं हसणं झालेलं असतं, मोठं नाट्य संपलेलं असतं. तिची अंगठी फ्रोडोला दिसली, कारण तो स्वतः अंगठी बाळगणारा. सॅमला तिच्या बोटांमधून फक्त एक तारा दिसला. पण तो मनातलं बोलून टाकतो. तुम्ही ती अंगठी घ्यायला हवी होती बाईसाहेब, तुम्ही सगळं ठीक केलं असतं, माझ्या म्हाताऱ्या बापाला घराबाहेर काढू पाहणाऱ्यांना अडवलं असतं, अशा धर्तीचं. सॅम माळी आहे. त्याने आत्ताच पाण्यात आपल्या गावची झाडं पडताना पाहिली आहेत. त्याची मागणी समुद्र-सूर्य-विजांची नाही, न्यायाची आहे, आणि म्हणून पहिल्या मोहापेक्षा ही जास्त धोक्याची. या वेळी गॅलाड्रिएल हसत नाही. हो, मी ते केलं असतं, असं ती कबूल करते. सुरुवात तशीच झाली असती, पण ते तिथे थांबलं नसतं. आणि विषय तोडते.

निरोप देताना ती याच सॅमला एक साधी लाकडी पेटी देते. आत तिच्या बागेतली माती आणि एक बी. ती त्याला बजावते, की या पेटीने वाटेत तुझं रक्षण होणार नाही. घरी पोचलास, आणि तिथे सगळं उजाड दिसलं, तर मात्र उपयोग होईल. सॅम घरी पोचतो तेव्हा झाडं खरोखरच तोडलेली असतात. तो माती चिमटी-चिमटीने गावोगावच्या झाडांच्या मुळाशी घालतो आणि बी लावतो. पुढच्या वर्षी सॅमच्या शायरमध्ये कधी नव्हे असं पीक येतं, आणि लोरिएनबाहेर त्या मुलखात कुठेच नसलेलं सोनेरी फुलांचं मॅलोर्न झाड गावच्या मैदानात उभं राहतं. सॅमने तिच्याकडे जे मागितलं होतं ते तिने दिलंच. फक्त बागेचं काम त्याचं त्याला करायला लावलं.